पांढऱ्या कबाबाची आचारसंहिता

रविवारी सकाळी पनवेलच्या खाटकांपुढे जी रांग लागते, तिच्यात 'मटण म्हणजे झणझणीतच' असे मानणाऱ्यांचे बहुमत असते. प्रस्तुत आचारसंहिता त्यांच्यासाठी आहे, आणि ते ती वाचणार नाहीत हे गृहीत धरूनच लिहिली आहे. सिद्धान्त असा: साय-चक्क्यात मुरवून, तिखट बेताचे ठेवून निखाऱ्यावर भाजलेले मटण हा कच्च्या दिलाच्या माणसांचा पदार्थ नव्हे, तो परीक्षेचा पदार्थ आहे. लाल रश्शात सगळे खपते. बोकड जून निघो, वाटण करपो, तर्री सर्वांवर पांघरूण घालते आणि नाकाडोळ्यांतून पाणी वाहणारा पाहुणा चवीबद्दल बोलण्याच्या अवस्थेतच नसतो. पांढऱ्या कबाबाला असे पांघरूण नाही. मटण वातड असले की पहिल्या घासाला उघडे पडते आणि यजमान कोळसा ओला होता म्हणून सांगू लागतो.

यावर ठरलेला आक्षेप येतो: पांढरे म्हणजे पथ्याचे, आपल्या मातीतले नव्हे. तर मग तिखटाची राजधानी जे कोल्हापूर, तिथे तांबड्याशेजारी पांढऱ्या रश्शाची वाटी का येते? मटणाचा अर्क, नारळाचे दूध, काजू, खसखस. त्या वाटीला कोणी आजाऱ्याचे जेवण म्हणून दाखवावे. बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लासा'त सळईवर भाजलेल्या मांसाचे प्रकार आहेत, आणि मिरची इथे पोर्तुगीजांबरोबर आली ती त्यानंतर काही शतकांनी. म्हणजे राजाला तिखटासाठी मिरीच पुरत होती. रविवारच्या रांगेतल्या माणसाला ती पुरत नाही. फार लांब जायचे नसेल तर रायगडची पोपटी बघा. वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, ओवा, मीठ आणि भांबुर्ड्याचा पाला मडक्यात कोंबून, मडके उपडे घालून वरून जाळ करतात. शेंगांना तिखटाचे बोट लागत नाही. मडके उघडल्यावर मात्र झणझणीतवालेच सर्वांत पुढे असतात.

आता मटण. इथे बहुतेकांचा घात होतो, कारण कृती ते चिकन मलाई टिक्क्याची उचलतात. कोंबडी दहा-बारा मिनिटांत शिजून मोकळी होते. बोकडाच्या मांसातले चिवट धागे सुटायला वेळ लागतो आणि निखारा तेवढा वेळ देत नाही. म्हणून लहान बोकडाच्या मांडीचे, बिनहाडाचे मटण घ्यावे. सीना आणि गर्दन रश्शासाठी राखावी. धाग्याच्या आडवे, इंचभर तुकडे करावेत आणि किलोला दोन टेबलचमचे कच्च्या पपईचे वाटण, आले-लसूण व मीठ चोळून दोन-तीन तास ठेवावे. रात्रभर ठेवले तर जास्त मऊ होईल, हा युक्तिवाद दिसतो तितका निरुपद्रवी नाही. पपईतले पाचक द्रव्य साठ-सत्तर अंशांना सर्वांत जोरात काम करते, म्हणजे तुकडा निखाऱ्यावर चढल्यावरही ते थांबत नाही. रात्रभर मुरलेले मटण सळईवरून घरंगळते आणि कोळशांत पडते. ज्याला पपईचा भरवसा नाही त्याने मटण आधी मंद आचेवर अर्धे शिजवून घ्यावे. ही फसवणूक आहे म्हणणाऱ्यांनी काश्मीरचा तबकमाज आठवावा: बरगड्या आधी शिजतात, मग तुपात तळल्या जातात, आणि कोणी कोर्टात जात नाही.

पपईनंतर चक्का, घट्ट साय, काजूची पेस्ट, वाटलेली हिरवी मिरची, पांढरी मिरी, वेलदोडा आणि चमचाभर भाजलेले बेसन. दही टांगून पाणी काढलेलेच हवे, नाहीतर ते ठिबकून निखारे विझवते आणि भाजणे राहून मटण वाफवले जाते. लिंबू उतरवल्यावर; आधी पिळले तर साय फाटते. हळद नाही. कितीही मोह झाला तरी नाही.

राहिला अग्नी. नेऱ्याकडच्या फार्महाऊसवर एरवी स्वयंपाकघराचा रस्ता विचारणारे भाऊजी शेगडीपुढे उभे राहताच सेनापती होतात. आदल्या रात्री चक्का टांगणारे, काजू वाटणारे, सकाळी मटण साफ करणारे हात कोणाचे, हे वर्तमानपत्रातल्या जाहीर सूचनेइतक्याच बारीक टायपात राहते. भाऊजींच्या हाती पंखा असतो आणि ते ज्वाळा उठेपर्यंत वारा घालतात. ज्वाळेवर साय करपते. कोळशावर राखेचा पांढरा थर आल्यावरच सळ्या मांडाव्यात, फिरवत राहाव्यात, मधूनमधून लोणी लावावे. पंखा हा त्यानंतर भाऊजींना वारा घालण्यापुरताच. नवीन पनवेलच्या फ्लॅटमध्ये कोळसा पेटवण्याचा विचारही नको: काचा लावलेल्या बाल्कनीत त्याचा विषारी वायू साचतो आणि सोसायटीचे सेक्रेटरी त्याआधीच साचलेले असतात. तिथे गॅसवर बिडाचा तवा तापवून तुकडे सर्व बाजूंनी भाजावेत. खिडक्या सताड उघडून, गॅसवर लाल केलेला एकच निखारा वाटीत घालून मटणाच्या मधोमध ठेवावा, वर तुपाचे चार थेंब, आणि दोन मिनिटे झाकण. मग निखारा पाण्यात. एवढे करूनही एखादा पाहुणा 'वरून थोडी तर्री मिळेल का?' असे विचारतोच. त्याला कांदा, मीठ आणि एक लवंगी मिरची द्यावी. कबाब बाकीच्यांकडे सरकवावेत.