साहित्यकृतीचे कुलूप

संगणकप्रणाली ही कायद्याच्या लेखी १९८४पासून ‘साहित्यकृती’ असल्यामुळे, नांदेडच्या नरहर कुरुंदकरांचा वैचारिक लेख आणि लातूरच्या डीटीपी केंद्रात लग्नपत्रिका जुळवणारे सॉफ्टवेअर ही एकाच पंक्तीला बसली असून, दोहोंनाही कर्त्याच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षे प्रताधिकाराचे, म्हणजे नक्कल करण्याच्या एकाधिकाराचे, संरक्षण लाभले आहे. (ही मुदत पूर्वी ५० वर्षांची होती, रवींद्रनाथांचे साहित्य १९९१अखेर मुक्त होणार, हे ध्यानात येताच तीत १० वर्षांची भर पडली.) १९८२ साली निवर्तलेल्या कुरुंदकरांचे ग्रंथ त्यामुळे २०४२ संपेपर्यंत राखीव राहतील, आणि निदान ते तेव्हाही वाचता येतील. सॉफ्टवेअरचे तसे नाही: प्रिंटरच्या जुन्या पोर्टात खोचायचे ‘डोंगल’, म्हणजे मूळ प्रत ओळखणारे इलेक्ट्रॉनिक कुलूप, नव्या संगणकाला बसतच नाही, कारण ते पोर्टच नाहीसे झाले आहे, परिणामी रीतसर पैसे मोजलेला केंद्रचालक ऐन लग्नसराईत हात चोळत बसतो आणि शेजारचा, ज्याने कुलूप तोडलेली ‘क्रॅक’ प्रत फुकटात मिळवली, तो ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ बिनदिक्कत जुळवत राहतो.