तारीखकाका

लेस्टरमधल्या एका चर्चच्या मागच्या हॉलमध्ये आश्रय मागायला आलेल्यांसाठी आमचं मदतकेंद्र दर मंगळवारी भरतं. काका तिथे कुलूप उघडायच्या आधीच हजर असतात आणि किल्ली आणणाऱ्याला "आलात का, या" असं यजमानाच्या थाटात म्हणतात. त्यांना स्वतःचं नाव आहे, वाईकडचं चांगलं भारदस्त आडनावही आहे. पण आम्ही मराठी मंडळी त्यांना तारीखकाका म्हणतो. इंग्रज म्हाताऱ्या नुसतंच काका म्हणतात. ते त्यांचं पाळण्यातलं नाव आहे अशी त्यांची समजूत आहे.

काकांचं काम डब्यांच्या तारखा बघण्याचं. लोक सुपरमार्केटच्या दारातल्या पेटीत, शाळेत, चर्चमध्ये डबाबंद अन्न ठेवून जातात आणि ते खोक्यांनी आमच्याकडे येतं. काका चष्मा कपाळावर सरकवतात, डबा नाकापाशी नेतात, आधी झाकण बघतात, मग तळ, आणि जाड काळ्या मार्करने वर महिना आणि साल घालतात. आधी संपणारा पुढे, नंतर संपणारा मागे. होजिअरीच्या गिरणीत तीस वर्षं स्टोअरकीपर होते. तिथे सुताच्या पेट्या होत्या, इथे बीन्सच्या आहेत. त्यांच्या दृष्टीने फरक एवढाच. 'अमुक तारखेपूर्वी उत्तम' आणि 'अमुक तारखेच्या आत खा' हे दोन शिक्के वेगळे, हे ते नव्या स्वयंसेवकाला पहिल्या दिवशीच शिकवतात. पहिली तारीख उलटली तर चव जाते, दुसरी उलटली तर पोट. पुढच्या मंगळवारी तोंडी परीक्षा असते.

शरद ऋतूत चर्चमध्ये सुगीचा सण असतो, तेव्हा दानाला पूर येतो. घरोघरची फडताळं रिकामी होतात आणि त्यांच्या तळाशी काय काय निजलेलं असतं ते कळतं. एकदा 2003 सालचा अननसाचा डबा निघाला. काकांनी तो फेकला नाही. दान द्यायला येणाऱ्यांच्या नजरेला पडेल असा खिडकीत मांडून ठेवला. अजून तिथेच आहे.

अशा माणसाचं इथल्या मराठी मंडळवाल्यांशी जमणं कठीणच. गणपतीत बायकांनी खपून केलेले रव्याचे लाडू ताटं भरभरून आणले. काकांनी एक लाडू खाल्ला, छान झालाय म्हणाले, आणि सगळे परत केले. घरचं अन्न, त्यात काय पडलंय याची चिठ्ठी नाही, कुणाला शेंगदाणे बाधले तर जबाबदार कोण? त्यांतल्या एका वहिनींचे डोळे भरून आले. निदान फोटो तरी काढू द्या, म्हणून त्यांनी रांगेकडे मोबाइल वळवला. काका मध्ये आडवे उभे राहिले. रांगेत जीव वाचवून आलेली माणसं असतात. मागे राहिलेल्या आईबापांना त्यांच्या चेहऱ्यापायी त्रास होऊ शकतो. पण काकांना एवढं लांबण लावता येत नाही. ते म्हणाले, "वहिनी, फोटो बीन्सचा काढा. त्यांच्या मागावर कुणी नाही."

वहिनी तेव्हापासून आल्या नाहीत. माझं मत विचाराल तर कनवाळू माणसं असं केंद्र चालवूच शकत नाहीत. ती एकाचं दुःख ऐकून रडायला बसतात आणि मागची वीस माणसं पावसात भिजतात.

काकांना कुणाची कहाणी ऐकायची नसते. आश्रय मागणाऱ्या माणसाला गृहखात्यापुढे, वकिलापुढे, डॉक्टरपुढे तीच कहाणी सांगावी लागते. आणि कुठे तपशिलात फरक पडला की खोटारडा ठरायची भीती. काकांपुढे आलं की प्रश्न एकच: "शेगडी आहे, की नुसती किटली?" शेगडी असेल तर तांदूळ, डाळ, तेल. हॉटेलच्या खोलीत ठेवलं असेल तर गरम पाणी ओतून होणाऱ्या वस्तू. नाव, गाव, धर्म हे काकांच्या रजिस्टरात नाहीच. डुकराचं मांस आणि जिलेटिन चालतं की नाही, एवढा रकाना आहे.

हिशेब मात्र त्यांना तोंडपाठ. ज्याला हॉटेलात जेवण मिळतं त्याच्या हातात सरकार आठवड्याला 10 पौंडही पुरते देत नाही. ज्याला स्वतः रांधायचंय त्याला 50 च्या आत. बसचं एकेरी तिकीट 3 पौंडांपर्यंत जातं. वकिलाकडे जाऊन-येऊन 6 गेले, आता उरलेल्यात आठवडा काढ. नोकरी करीन म्हणावं तर अर्ज केल्यापासून वर्षभर परवानगी मागण्याचीही सोय नाही, आणि पुढे मिळाली तरी सरकारी यादीतल्या कामांपुरती. ही माणसं फुकट खायला येतात असं हॉलबाहेर कुणी म्हणालं, की काका त्याला गाठून ही सगळी वजाबाकी ऐकवतात. तो सुटका करून घ्यायला मान डोलावतो. मग काका 1972 वर येतात. इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना 90 दिवसांत चालते व्हा म्हटलं, तेव्हा लेस्टरच्या नगरपालिकेने तिथल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती: आमच्याकडे जागा नाही, येऊ नका. हजारो लोक लेस्टरलाच आले. "तोवर तिकडे कुणाला लेस्टर माहीत होतं?" काका विचारतात. "पत्ता यांनीच छापला."

काकांना तोडीस तोड फक्त एकच माणूस भेटला. खार्टूममध्ये त्याचं औषधांचं दुकान होतं. 2023 च्या एप्रिलात तिथे लढाई पेटली आणि सगळं गेलं. पगाराचं काम करता येत नसलं तरी धर्मादाय संस्थेत स्वयंसेवक म्हणून राबता येतं, म्हणून तो आमच्याकडे यायला लागला. काका त्याला 'फार्मसी' अशी हाक मारायचे. पहिल्याच दिवशी त्याने काकांच्या फळ्या बघून विचारलं, तारखेप्रमाणे लावलंत ते ठीक, पण एकाच तारखेचे डबे आकाराप्रमाणे का नाहीत? काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पुढे केचप भाजीच्या फळीवर की मसाल्याच्या, यावरून दोघांचं इतकं फाटलं की हातभर अंतरावर उभे राहून ते माझ्यामार्फत निरोप धाडत. "अगं, त्याला सांग, टोमॅटो ही भाजी आहे." तो म्हणे, "काकांना सांगा, साखर ही भाजी नाही."

मग त्याला राहायची परवानगी मिळाल्याचं पत्र आलं. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी केक आणायला धावलं. काकांनी फक्त विचारलं, "खोली किती तारखेपर्यंत?" कारण निर्वासित म्हणून मान्यता मिळाली की काही आठवड्यांत सरकारी खोली आणि भत्ता दोन्ही बंद. घर शोध, काम शोध, बँकेत खातं उघड, सगळं त्याच मुदतीत. पुष्कळांना परवानगीच्या पाठोपाठ रस्ता दिसतो. काकांनी डायरी काढली, घरांच्या मदतीसाठी नगरपालिकेत त्याची वेळ लावून घेतली आणि पुढच्या मंगळवारी एक खोकं पुढ्यात ठेवलं: किटली, पातेलं, दोन चादरी, उशी, चार चमचे. निरोपाचं भाषण असं: "चमचे मोज. सही कर."

त्याने चमचे मोजले. सही केली. पावती नीट वाचली आणि म्हणाला, "काका, तारीख चुकलीय."

चुकलीच होती. सातच्या जागी आठ होता.

हल्ली रांगेत आपली पोरंही दिसू लागली आहेत. टोपी पुढे ओढून उभा असलेला एक मुलगा काकांनी लांबूनच ओळखला. "कुठला रे?" "नाशिक." "नाशिक कुठे?" "सिन्नर." "मग सिन्नर म्हण की." शिकायला आलेला, अर्धवेळ काम सुटलेलं, आणि व्हिसावर स्पष्ट लिहिलेलं की सरकारी निधीवर हक्क नाही. इथून पिशवी नेली तर व्हिसा जाईल का, हे विचारायला त्याचा धीर होत नव्हता. काकांनी न विचारताच सांगितलं, "हे सरकारचं नाही. चर्चमधल्या म्हाताऱ्यांनी दिलंय. सरकारी निधीत हे मोजत नाहीत. शेगडी आहे, की किटली?"

इंग्लंडात राहत असाल आणि जवळपासच्या अशा केंद्राला काही द्यायचं मनात असेल, तर कृपा करून बीन्स नकोत, ते आमच्याकडे छतापर्यंत आहेत. टिकाऊ दूध द्या, डबाबंद फळं द्या, शाम्पू, दाढीची पाती, सॅनिटरी पॅड, मोठ्या मापाचे डायपर द्या. लहान मापाचे सगळेच आणतात. डबा कडी ओढून उघडणारा घ्या, हॉटेलच्या खोलीत ओपनर नसतो. आणि तळाशी काय छापलंय ते दुकानातच वाचून घ्या. नाहीतर काका वाचतील, आणि ते मोठ्याने वाचतात.