पैशाचं सोंग

आमच्या जव्हार-मोखाड्याच्या मुखवट्यांच्या बोहाड्यात सगळी सोंगं येतात. गणपती येतो, नरसिंह येतो, रावण तर मशालीच्या उजेडात असा नाचतो की पुढं बसलेली पोरं आईच्या पदरात शिरतात. फक्त पैशाचं सोंग आजवर कुणाला आणता आलं नाही. पण परवा आमच्या वांगणी गावात फुटबॉल क्लब काढायचं ठरलं, त्याच्या अभ्यासासाठी आम्ही पुण्याकडं नजर टाकली आणि थक्क झालो. तिथं ते सोंग चांगलं पाच हंगाम नाचलं होतं, तेही बालेवाडीच्या झगमगाटात.

एफसी पुणे सिटी हे त्या सोंगाचं नाव. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा हा संघ वाधवान समूहानं काढला. हा समूह म्हणजे ‘डीएचएफएल’वाला, लोकांना घरासाठी कर्ज देणारा. भागीदार म्हणून आधी हृतिक रोशन, पुढं अर्जुन कपूर. सोबतीला इटलीतला फिओरेंतिना क्लब. परदेशातले नामवंत खेळाडू आले: त्रेझेगे आला, मुटू आला. २०१६ मध्ये आइसलंडचा गुडयॉन्सन आला, म्हणजे करारावर आला. हंगाम सुरू व्हायच्या आधीच तो जखमी झाला आणि एकही सामना न खेळता गेला. आमच्याकडं बोहाड्यात रावणाला निदान नाचावं तरी लागतं.

खेळ वाईट होता असं नाही. २०१७-१८ला संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला आणि बंगळुरूकडून हरला. पण त्याच्या पुढच्या हंगामानंतर मालकाच्या घरातच वीज गेली. २०१९ मध्ये क्लब मिटला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात रिझर्व्ह बँकेनं डीएचएफएलचं संचालक मंडळ बरखास्त केलं. एप्रिल २०२० मध्ये सगळा देश घरात कोंडलेला असताना हेच वाधवान कुटुंब, गृहखात्यातल्या एका बड्या अधिकाऱ्याचं पत्र घेऊन, खंडाळ्याहून महाबळेश्वरला हवापालटाला पोचलं. त्याच दिवसांत वीटभट्ट्यांवरची आमची माणसं लेकरं खांद्यावर घेऊन पायी घराकडं निघाली होती. त्यांना असं पत्र कुणी दिलं नाही. क्लब काढला असता तर कदाचित मिळालं असतं.

हैदराबादनं ती जागा घेतली, २०२२ मध्ये विजेतेपदही पटकावलं. मग तिथंही खेळाडूंचे पगार थकले, परदेशी खेळाडू निघून गेले, संघ तळाला गेला आणि २०२५ मध्ये तीच जागा दिल्लीला पोचली. एकाच मुखवट्याखाली तीन गावं नाचली म्हणायची.

पुण्यातला दुसरा प्रयोग याहून खमंग आहे. ‘घराला घरपण देणारी माणसं’ म्हणवणाऱ्या डी. एस. कुलकर्णींनी जुन्या शिवाजियन्स क्लबला आपलं नाव दिलं, लोणी काळभोरला लिव्हरपूलच्या नावानं अकादमी उभी केली आणि संघाला आय-लीग या दुसऱ्या राष्ट्रीय लीगमध्ये थेट प्रवेश मिळवून दिला. थेट प्रवेशाबरोबर अशी सवलत होती की पहिल्या हंगामात कितीही हरा, खालच्या श्रेणीत ढकलणार नाहीत. २०१५-१६ला ९ संघांत डीएसके शिवाजियन्स नववा आला. खाली ढकललं कुणाला? आठव्या आलेल्या आयझॉलला! मिझोरामचा हा गरीब क्लब नशिबानं पुन्हा आत आला, कारण गोव्याच्या क्लबांनी लीग सोडली. आणि त्यानं काय करावं? पुढच्याच हंगामात थेट अजिंक्यपद. ज्याला वाचवलं त्या शिवाजियन्सनं त्याच वर्षी, २०१७ मध्ये, लीगमधून अंग काढून घेतलं. फेब्रुवारी २०१८ मध्ये ठेवीदारांच्या तक्रारींवरून कुलकर्णींना अटक झाली. आयुष्यभराची पुंजी ठेवलेल्या म्हाताऱ्यांच्या रांगेत फुटबॉलची आठवण कुणाला येणार?

त्याआधी २०१५ मध्ये पुणे एफसी आणि एका हंगामाचा भारत एफसी हे दोघं गेले ते वेगळंच. चार वर्षांत चार क्लब. पुण्याच्या पाट्या आणि चितळे टिकतात, क्लब टिकत नाही, कारण क्लब हा कुणाच्या तरी दुसऱ्याच धंद्याचा फलक असतो. धंदा बसला की आधी फलक उतरवतात. सेंटर फॉरवर्डनं किती गोल केले, हे वसुली अधिकारी विचारत नाही.

कोल्हापुरात मात्र पाटाकडील तालीम, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब वर्षानुवर्षं शाहू स्टेडियमवर एकमेकांच्या उरावर बसतायत. तिथं कुणी नट मालक नाही. पेठच मालक, आणि हिशेब चुकला तर खजिनदाराला संध्याकाळी कट्ट्यावर लोक गाठतात. ही लेखापरीक्षणाची पद्धत सेबीला अजून सुचलेली नाही.

तर वांगणीची बैठक. मैदानासाठी सपाट जागा नाही, वरकस उतारावर चेंडू मारला तर तो थेट ओढ्यात, हा पहिला मुद्दा निघाला. सरपंच म्हणाले, उतार आपल्या बाजूनं ठेवू. हंगामाचं काय करायचं? लीग ऐन थंडीत, आणि दिवाळी झाली की खेळाडू भिवंडीकडं भट्टीवर. एकजण म्हणाला, भट्टीचा मालकच प्रायोजक करू. तो आगाऊ उचल देतो, पोरं पळून जात नाहीत आणि पगार थकवायचा प्रश्नच येत नाही, कारण पगार आधीच संपलेला असतो. सुपर लीगनं हा विचार करायला हरकत नाही.

मालक म्हणून मिरवायला एक प्रसिद्ध चेहरा हवा, यावर मात्र एकमत झालं. मुंबईचा नट परवडणार नाही, म्हणून आमच्या बोहाड्यातल्या रावणाला विचारलं. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, पुण्याची हकीकतही ऐकली, आणि तो तयार झाला. दहा तोंडांनी क्लबची जाहिरात करीन म्हणाला, फक्त मानधन मुखवटा चढवायच्या आधी हातावर, आणि रोख.