तीन नोड, एक वायर

नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापतात. तरी पुढे देवास, म्हैसूर आणि सालबोनीलाही छापखाने निघालेच. नाशिकरोडच्याच आवारात चार पाट्या ठोकून ‘झाले चार छापखाने’ असं कोणी म्हटलं नाही.

अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत मात्र म्हटलं गेलं. कॅसँड्रा डेटाबेस बसवायचा ठरला. निदान तीन नोड, म्हणजे डेटाबेस सांभाळणारी तीन ठाणी, हवेत, असं तिथल्या तरुण इंजिनिअरने सांगितलं. साहेबांनी नुकताच ५१२ जीबी मेमरीचा धिप्पाड सर्व्हर आणून त्याला हार घातला होता. “अरे, मग यातच बसव ना तिन्ही! जागा काय कमी आहे?”

साहेब अगदीच चुकले नव्हते. अविनाश लक्ष्मण आणि प्रशांत मलिक यांनी फेसबुकमध्ये लिहिलेला आणि २००८ मध्ये सर्वांना खुला झालेला हा डेटाबेस पुष्कळ साध्या मशिनींवर पसरायला जन्मला. पण तो चालतो जावावर. जावाची हीप, म्हणजे त्याच्या वाट्याची मेमरी, ३२ जीबीच्या जरा पुढे नेली की आतले पत्ते दुप्पट लांबीचे होतात, म्हणजे मेमरी जास्त आणि मावतं कमी. म्हणून मोठ्या मशिनीवर दोन-चार नोड चालवणारी शहाणी माणसंही असतात. प्रत्येक नोडला ती वेगळा आयपी देतात, वेगळी डिस्क देतात.

गोम प्रतींची. प्रत्येक नोंदीच्या तीन प्रती ठेवायच्या आणि दोन नोडांनी होकार दिला की काम पुढे न्यायचं, असा नेहमीचा रिवाज. पण नोड बिचारा भोळा. आयपी वेगळा दिसला की शेजारच्याला तो परगावचा समजतो, आणि तिन्ही प्रती एकाच मशिनीत येऊन बसू शकतात. नाशिकच्या सराफ बाजारात एक वही आणि भांडी बाजारात दुसरी ठेवून निर्धास्त झोपणाऱ्या व्यापाऱ्यासारखंच हे. २००८, २०१६, २०१९ या तिन्ही पुरांत गोदावरीने दुकानांत शिरताना पाट्या वाचल्या नाहीत.

यावर उपाय आहे, आणि तो फुकट नाही. सर्व्हर तीन घ्यायचे, प्रत्येकावर चार नोड, आणि एका सर्व्हरवरच्या चौघांच्या सेटिंगमध्ये रॅकचं नाव एकच लिहायचं, सर्व्हर बदलला की वेगळं. मग डेटाबेस प्रत्येक रॅकला एकच प्रत देतो. एक सर्व्हर बसला तरी दोन प्रती शाबूत.

कुरकुरत का होईना, साहेबांनी आणखी दोन सर्व्हर घेतले. इंजिनिअरने हौसेने रॅकना नावं दिली अंबड, सातपूर, सिन्नर. तिन्ही एकाच खोलीत आहेत, एकाच यूपीएसवर. दुसऱ्या यूपीएसचं कोटेशन साहेबांच्या टेबलावर आहे, दिवाळीनंतर बघू म्हणालेत.