लेव्हल्या

भिलाईत मरोदा सेक्टरच्या कुठल्याही सडकेला जा, एक तरी लेव्हल्या सापडतोच. आमच्या सडकेवरचा क्वार्टरच्या मागे, पेरूच्या झाडाखाली, तीन पायांच्या खुर्चीत मोबाइलवर कोरियन वेब-कादंबऱ्या वाचत बसलेला असतो. चौथ्या पायाच्या जागी विटा. देह मरोद्यात, जीव कोरियात. तिथलाही कुणी पोरगा गेममध्ये ओढला गेलेला असतो, म्हणजे जीव कोरियाच्याही एक स्टेशन पुढे.

त्याची सध्याची पोथी म्हणजे 'सर्व्हायव्हिंग द गेम अ‍ॅज अ बार्बेरियन'. ली हान्सू नावाचा माणूस नऊ वर्षं एकच गेम खेळतो, शेवटच्या दारापाशी पोचतो आणि त्याच गेममध्ये एका रानटी योद्ध्याच्या अंगात जागा होतो. हा इथला नव्हे, असं कुणाला कळलं तर मुंडकं उडणार, म्हणून बिचारा मन लावून रानटीपणा करतो. लेव्हल्याला हे दुःख घरचं वाटतं. पाहुणे आले की तोही 'पीएससीची तयारी करणारा गुणी मुलगा' या अंगात शिरतो, वाकून नमस्कार करतो, पोह्यांच्या बशा फिरवतो. पाहुणे रिक्षात बसले की पुन्हा पेरूखाली.

वाचतो ते यंत्रानं केलेलं इंग्रजी भाषांतर. त्यात नायकाची बहीण दर दुसऱ्या ओळीत 'तो' होते आणि राजा अधूनमधून 'ती'. लेव्हल्या अडत नाही. त्याला हवी असते ती हवेत तरंगणारी निळी चौकट, कोरियनमध्ये 'सांगतेचांग'. बळ किती, चपळाई किती, बुद्धी किती, सगळे आकडे तीत दिसतात. आजीनं दही आणायला पिटाळलं की हा म्हणतो, "क्वेस्ट आली. बक्षीस काय?"

"धपाटा," आजी म्हणते. "खायचा की पाठीत, ते दह्यावर आहे."

बाप स्टील प्लांटमध्ये कामगार. 'सोलो लेव्हलिंग' या लेव्हल्याच्या आणखी एका पोथीत शिकाऱ्यांच्या श्रेण्या असतात. ई म्हणजे तळाचा, एस म्हणजे भल्याभल्यांना लोळवणारा. प्लांटमध्ये गंगा उलटी वाहते: कामगारांच्या ग्रेडपुढे एस, अधिकाऱ्यांच्या ग्रेडपुढे ई. नाइट शिफ्ट करून, डोळे चोळत बाप सायकलवरून उतरला की लेव्हल्या उठून उभा राहतो. "या, एस-रँक!" बापाला वाटतं, पोरगा खिल्ली उडवतोय. खरं तर त्या घरात त्याला मनापासून मान देणारा तेवढा एकच.

एका संध्याकाळी आजीनं विचारलं, "सारा दिवस काय वाचून राहिला रे?"

"एक माणूस असतो, आजी. झोपेतून उठतो तर दुसऱ्याच जगात. भाषा वेगळी, माणसं वेगळी. शून्यापासून सुरुवात."

"मंग यात नवीन काय आहे?" आजी शेंगा सोलत म्हणाली. "तुझे आजोबा १९५८ साली वर्धेहून एक ट्रंक घेऊन इथं उतरले. चहूकडे मुरूम न् धूळ. मुकादम छत्तीसगढीत बोले, इंजिनिअर रशियन भाषेत, अन् यांना दोन्ही येत नव्हत्या. पुढच्या वर्षी ४ फेब्रुवारीला राजेंद्रप्रसादांनी पहिली भट्टी सुरू केली, तेव्हा हे गर्दीत टाचा उंच करून उभे. क्वार्टर मिळायचं तर ग्रेड पाहिजे, ग्रेड पाहिजे तर वर्षं भरली पाहिजेत. कितीवर पोचलो, जीव किती उरला, हे सांगणारी तुझी ती निळी चौकट आमच्यापाशी नव्हती बाबा."

लेव्हल्यानं मोबाइल उलटा ठेवला. आमच्या सडकेच्या इतिहासात हे प्रथमच घडत होतं.

"मग, आजी? क्वार्टर मिळालं?"

कोरियात अशा कादंबऱ्या वाचायच्या काकाओपेज अ‍ॅपवर एक सोय आहे: धीर धरला की पुढचा भाग फुकट, घाई असली की पैसे. आजीनं काकाओचं नावही ऐकलेलं नाही. टरफलं पदरातून झटकत ती उठली.

"उद्या सांगीन. आत्ताच पाहिजे असंल तर आधी दही आण."

लेव्हल्या चप्पल शोधायला धावला.