लॅगराव

लॅगराव कधी हरत नाही. त्याचा माऊस हरतो.

घोड नदीच्या काठानं जिथं जिथं फायबरची वायर पोचली, तिथं तिथं एकेक लॅगराव उगवला आहे. इनामगावात आहे, पलीकडं श्रीगोंद्याच्या हद्दीतही आहे. ओळखायला सोपा. वय वीस-बावीस. शिक्षण ‘चालू आहे’. रांजणगावच्या एमआयडीसीत नोकरी ‘लागणार आहे’. लग्नाचं ‘बघतायत’. या तिन्ही गोष्टी जागच्या हलत नाहीत आणि त्याबद्दल त्याचं काही म्हणणंही नाही. म्हणणं एकच : कॉम्प्युटरवरच्या खेळात बोट दाबल्यावर गोळी लेट सुटते.

लेट म्हणजे किती? सेकंदाचे हजार तुकडे केले तर त्यातले आठ-दहा. मिलिसेकंद हे माप गावात त्यानंच आणलं. त्याआधी गावातलं सगळ्यात लहान माप ‘आलोच’ हे होतं, आणि ते अर्ध्या तासाच्या खाली कधी भरत नसे.

कॉम्प्युटर आला तो ‘इंजिनिअरिंगला लागतो’ म्हणून, उसाच्या पैशातून, पुण्याहून. कॅबिनेटला एका अंगानं काच आणि आत निळे-तांबडे-हिरवे दिवे. आजीनं पहिल्याच रात्री विचारलं, “गणपती बसायला अजून दोन महिने हायती, आन् आरास आत्ताच?” आण्णांनी, म्हणजे वडिलांनी, किंमत ऐकली, खाली वाकून काचेतून आतले पंखे मोजले आणि म्हणाले, “तीन हायत. माणसांना एक हाय.”

पहिले काही दिवस हारजीत चालू होती. मग एका रात्री ओळीनं हार झाली आणि त्याला साक्षात्कार झाला. “टायमिंग माझं बरोबर हाय. माऊस लॅग मारतोय.” लॅगराव जन्मला तो इथं. तेव्हापासून त्याचा खरा खेळ दुरुस्ती हाच. गोळीबार करतो तो दुरुस्ती लागू पडली का हे बघण्यापुरता.

पहिला संशय बैठकीवर. माऊस काचेच्या टीपॉयवर चालायचा. लॅगरावानं सगळ्या घराला समजावून सांगितलं की माऊसच्या पोटात बारका कॅमेरा असतो, तो खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजारो फोटो काढतो आणि आधीच्या फोटोपेक्षा नवा किती सरकला यावरून बाण हलवतो. स्वच्छ काचेवर त्याला फोटो काढण्यासारखं काही दिसतच नाही. हे शंभर टक्के खरं. मग घरातली प्रत्येक सपाट वस्तू परीक्षेला बसली : पोळपाट, देवाचा पाट, मावसबहिणीची लग्नपत्रिका. सगळ्यात झकास चालला तो सोसायटीच्या कर्जाच्या फाईलवर. आण्णा म्हणाले, “तिच्यावर आजवर काय बी हाललं न्हाय. माऊस हालला म्हंजी नशीबच.”

दुसरा संशय हवेवर. माऊस बिनवायरीचा, त्याचा बोटभर रिसिव्हर कॅबिनेटच्या मागं, निळ्या यूएसबी पोर्टाला खेटून. ते निळं पोर्ट वेगवान. पण ते चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करतं, आणि बिनवायरीचा माऊस नेमका त्याच पट्ट्यात बोलतो. इंटेल कंपनीनं २०१२ साली हे लिहून ठेवलेलं आहे. लॅगरावानं एक लांब वायर लावून रिसिव्हर माऊसच्या शेजारी आणून ठेवला, आणि बाण खरोखरच अडखळायचा थांबला. लॅगरावाला हसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं : त्याची निम्मी निदानं बरोबर असतात. अडचण अशी की निदान बरोबर निघालं तरी सामना हरायचा राहत नाही, त्यामुळे पुढचं निदान करावं लागतं.

तिसरं निदान ‘पोलिंग रेट’चं. ते आण्णांना पटवून द्यायला तो गोठ्यापर्यंत गेला.

“आण्णा, कॉम्प्युटर माऊसला सारखा विचारत असतो : हललास का, हललास का? साधा माऊस सेकंदाला १२५ वेळा विचारू देतो. म्हंजी दोन विचारण्यात आठ मिलिसेकंद जातात. माझा आता हजार वेळा. एकच मिलिसेकंद.”

“मी कारखान्यावर महिन्यातनं दोनदा विचारतो,” आण्णा धार काढता काढता म्हणाले, “बिल आलं का, बिल आलं का. त्ये बी हालत न्हाईत.”

ऊस गाळपाला गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. आण्णांना तो आकडा पाठ आहे, लॅगरावाला १२५ पाठ आहे. दोघंही आपापल्या आकड्यावर श्रद्धा ठेवून आहेत.

पुढं लॅगरावाला सेकंदाला आठ हजार वेळा उत्तर देणारा माऊस मिळाला. तो लावल्यावर खेळ जास्तच अडखळू लागला. आठ हजार उत्तरं ऐकून घ्यायची तर प्रोसेसरलाही तेवढी सवड हवी. त्याचा निम्मा जीव माऊसचं ऐकण्यातच जायला लागला. लॅगरावानं रेट पुन्हा हजारावर आणला आणि गावभर सांगितलं, “जास्त विचारून बी उपेग नसतो.” आण्णांनी मान डोलावली.

मग आलं अर्थिंग. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या यायच्या, आणि त्याच माऊसपर्यंत पोचतात असं लॅगरावाचं ठाम मत. परसात खड्डा घ्यायचा, तांब्याची पट्टी सोडायची, कोळसा आणि मीठ भरायचं असं ठरलं. आता इनामगावात खड्डा घेणं ही साधी गोष्ट नाही. गावाबाहेरच्या टेकाडावर डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर, झै. दा. अन्सारी अशी मंडळी इथल्या मातीत बसली आणि जोर्वे संस्कृतीचं, तीन हजार वर्षांपूर्वीचं अख्खं गाव वर आलं : घरं, चुली, रांजण, सांगाडे. योगायोग बघा, १९६८ च्याच ९ डिसेंबरला सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगलबार्टनं जगासमोर पहिल्यांदा माऊस चालवून दाखवला. इनामगाव आणि माऊस एकाच साली उजेडात आले; लॅगराव दोघांचाही वारस.

शेजारचे तात्या पोरवयात त्या खोदकामावर मजुरीला होते. खड्डा म्हटल्यावर ते खुर्ची घेऊनच येऊन बसले. “टिकाव हाळू मार. आधी चौकोन आख. माती चाळून बघ.” फूटभर खोलीवर एक खापर लागलं. तात्यांनी काम थांबवलं, खापर धोतराला पुसलं, उन्हात धरून फिरवलं आणि निकाल दिला, “गेल्या सालचा माठ हाय. खण फुडं.” अर्थिंग झालं. झिणझिण्या गेल्या. लॅग होता तिथंच राहिला, कारण त्याचा झिणझिण्यांशी काही संबंधच नव्हता.

तात्यांनी त्या दिवशी जाता जाता एक मोलाची माहिती मात्र दिली. लॅगराव सांगत होता की मागं गुपचूप चालणारे प्रोग्राम माऊसचा जीव खातात. टास्क मॅनेजरमध्ये जाऊन मारले तरी कॉम्प्युटर चालू केला की पुन्हा उठून बसतात. तात्या म्हणाले, “मग पाय तोडायचं.” उत्खननात मोठ्या माणसांचे सांगाडे निघाले त्यांचे पाय घोट्यापासून तोडलेले होते. मेलेला माणूस उठून पुन्हा घराकडं चालत येऊ नये म्हणून तसं करत असावेत, असा अभ्यासकांचा तर्क आहे. लॅगराव क्षणभर गप्प झाला आणि घरात पळाला. स्टार्टअपच्या यादीत जाऊन त्यानं एकेक प्रोग्राम बंद केला. त्यानंतर मेलेले उठले नाहीत. जोर्वेकालीन तोडगा विंडोजला लागू पडल्याचं आमच्या तरी पाहण्यातलं हे पहिलंच उदाहरण.

राहिला पडदा. सुरुवातीला तो बैठकीतला टीव्ही वापरायचा. टीव्ही बिचारा चित्र आधी सजवतो आणि मग दाखवतो. त्याला ‘गेम मोड’वर टाकलं की सजावट सोडून देतो. एवढ्यानं भागलं असतं, पण लॅगरावानं १४४ हर्ट्झचा मॉनिटर आणला. साठ हर्ट्झला एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं, १४४ ला ६.९. “लोण्यासारखं चालतंय,” तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. एकदा राऊटर बघायला आलेल्या फायबरवाल्या पोरानं सहज मागं डोकावून पाहिलं. मॉनिटरची वायर ग्राफिक कार्डाला लावायची सोडून मदरबोर्डाला लावलेली, आणि सेटिंगमध्ये अजून साठ हर्ट्झच. म्हणजे घरातली सगळ्यात महाग वस्तू इतके दिवस नुसती दिवे लावून बसून होती. आजी म्हणाली, “तशी एक आधीपास्नं हाय घरात.”

अशा माणसाला गावानं वेड्यात काढावं, पण गाव त्याच्याकडंच येतं. सेवा केंद्रातल्या ताईंचा माऊस त्यानंच सुधारला. बाण सुसाट पळू लागला. सातबाऱ्याचं पान मात्र गोल गोल फिरतच राहिलं. “ह्यो सर्व्हरचा लॅग,” लॅगराव शांतपणे म्हणाला, “त्याला आपण काय करणार?” आणि उताऱ्यासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, तिसऱ्या दिवशीही आला, कुरकुर न करता.

इथं लॅगराव कळतो. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा राहतो. मग तोडीची वाट, मग बिलाची वाट, थ्री फेज लाईट रात्रीच्या पाळीला येणार असेल तर तिची वाट. या रांगेत कुठंच त्याला हात घालता येत नाही. माऊस तेवढा मुठीत मावतो. आठ मिलिसेकंदांचा एक करून दाखवता येतो, त्याच रात्री, कुणाला साहेब न म्हणता.

शेवटचा प्रयोग त्यानं परवा केला. मोबाईल तांब्याला टेकवून उभा केला, सेकंदाला २४० फ्रेमचं स्लो मोशन लावलं, बोट आणि पडदा दोन्ही चौकटीत घेतले. आण्णा तेव्हा बॅटरी आणि काठी घेऊन दारं धरायला निघाले होते. बिबट्याच्या धाकानं मोठमोठ्यानं खोकत गेले. लॅगराव रात्रभर फ्रेमा मोजत बसला. बोट दाबल्यापासून पडद्यावर गोळी दिसेपर्यंत दहा-बारा फ्रेमा. म्हणजे पन्नासेक मिलिसेकंद, यंत्राचा सगळा हिशेब धरून. पडद्यावर शत्रू दिसल्यापासून बोट हलेपर्यंत मात्र साठ फ्रेमा. पाव सेकंद. माणसाच्या डोळ्यापासून बोटापर्यंतच्या रस्त्याला साधारण एवढा वेळ लागतोच. त्याला ना पोर्ट बदलता येतं, ना अर्थिंग करता येतं. साखळीतली सगळ्यात सावकाश कडी अखेर सापडली होती आणि ती खुर्चीत बसलेली होती. त्यानं पुन्हा मोजलं. साठच भरल्या.

सकाळी आण्णा चिखलानं भरलेले पाय घेऊन आले आणि ओट्यावर टेकले.

“सापडला का रं लॅग?”

“सापडला.”

“कशात हुता?”

लॅगराव थांबला. पाव सेकंदापेक्षा बराच जास्त थांबला.

“मोबाईलच्या कॅमेऱ्यात. नवा घ्यावा लागंल.”

आण्णांचं उत्तर बिनलॅग आलं, “घेऊ की. बिल आल्यावर.”