किंग्स्टनला कोण जातं?

अमेरिकेत मुलं असलेल्या मराठी आईबापांसाठी नायगारा हा धबधबा नसून पाणीपट्टी आहे. दर खेपेला भरावीच लागते. आधी झोपेची वेळ जुळवायची, मग मॉल, मग देऊळ, आणि एखाद्या शनिवारी पहाटे गाडीत घालून नायगारा. अंगात पातळ निळा रेनकोट, पाठीशी पाण्याचा लोट, आणि फोटो तिथूनच सांगलीच्या ग्रुपवर. म्हणून या वेळी निघायच्या कितीतरी आधी, रविवारच्या व्हिडिओ कॉलवर मी जाहीर करून टाकलं : यंदा नायगारा नाही, यंदा किंग्स्टन.

"अपस्टेटमधलं?" मुलानं विचारलं. न्यूयॉर्क राज्यात एक किंग्स्टन आहे हे मला तेव्हा कळलं.

"कॅनडातही एक आहे, बाबा," सूनबाई म्हणाली. "नायगाऱ्यावरून पुढं जाता येतं."

"जमैकाचं," मी म्हणालो.

पडद्यावरचं चित्र थिजलं. नेट गेलं असं वाटलं. पण नेट ठीक होतं, थिजला होता तो मुलगा.

"बाबा, जमैका म्हणजे माँटेगो बे. समुद्र, वाळू, रिसॉर्ट. किंग्स्टनला कोण जातं?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. जमैकाला जाणारे बहुतेक पर्यटक उत्तर किनाऱ्यावर माँटेगो बेला उतरतात आणि राजधानीचं तोंडही न बघता परततात. त्यानं लगोलग तिथल्या एका रिसॉर्टची माहिती धाडली. 'ऑल इन्क्लुझिव्ह' प्रकार. मनगटाला एक पट्टा बांधतात; तो दाखवला की दिवसभर खा, प्या, पोहा, लोळा. फाटकाबाहेर पाऊल टाकायचं कारणच नाही.

"मनगटाला पट्टा बांधून फाटकाबाहेर सोडत नाहीत, त्याला इस्पितळ म्हणतात," बायको म्हणाली. "त्यासाठी जमैका कशाला? मिरज आहे की."

रिसॉर्ट तिथंच बाद झालं.

किंग्स्टनचं खूळ मुळात माझं नव्हे, आमच्या अण्णांचं. अण्णा म्हणजे माझे थोरले बंधू. फेब्रुवारी १९७१ मध्ये ते कॉलेजात होते, आणि त्या महिन्याची पेपरातली कात्रणं त्यांनी अजून एका वहीत जपली आहेत. वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी, किंग्स्टनचं सबाइना पार्क. पहिला दिवस पावसानं खाल्ला. खेळ सुरू झाला आणि आपले पाच गडी ७५ धावांत तंबूत. तिथून मडगावचे दिलीप सरदेसाई उभे राहिले ते २१२ करूनच हलले. साथीला आधी एकनाथ सोळकर, मग चक्क प्रसन्ना. आपल्या ३८७, त्यांच्या २१७. आघाडी १७०. आता फॉलोऑन द्यायला एरवी २०० लागतात. पण पहिला दिवस वाया गेल्यामुळं नियमानं सामना चार दिवसांचा धरला जात होता, आणि त्याला १५० पुरतात. हा नियम अजित वाडेकरांना ठाऊक होता. ते सरळ वेस्ट इंडीजच्या ड्रेसिंग रूममध्ये गेले आणि सोबर्सला म्हणाले, पुन्हा फलंदाजीला या.

हा भाग सांगताना अण्णा खुर्चीतून उठतात, स्वयंपाकघराचं दार ढकलतात आणि आत जाऊन वहिनींना फॉलोऑन देतात. पुढं कन्हायनं दीडशेच्या वर धावा कुटून सामना वाचवला, तो अनिर्णित राहिला. पण अण्णांकडून ऐकताना तो आपणच जिंकलो होतो असं वाटतं. त्याच मैदानावर १९७६ मध्ये होल्डिंग आणि मंडळींनी आपल्या फलंदाजांना चांगलंच शेकून काढलं, आणि दुसऱ्या डावात आपले पाच जण जखमी असल्यानं खेळायलाच उतरू शकले नाहीत. ते कात्रणही वहीत आहे. ते पान अण्णा भरभर उलटतात.

"तू जातोच आहेस, तर त्या दाराचा फोटो आण," अण्णांनी फर्मावलं.

मी सांगितलं की २००७ च्या विश्वचषकासाठी त्या मैदानाची बरीच डागडुजी झाली. ते दार आता नसेल.

"मग चौकटीचा आण."

योजनेतलं पहिलं कलम असं पक्कं झालं.

मुलगा संगणकातला. काळजी वाटली की तो एक्सेल उघडतो. दोन दिवसांत त्याचा तक्ता आला : हिरवे रकाने जायला हरकत नाही, पिवळे विचार करून, लाल बिलकूल नाही. लालच जास्त. देशोदेशीच्या सरकारांनी आपापल्या नागरिकांना दिलेल्या सूचना त्यानं मोहल्ल्यांच्या नावांसकट उतरवल्या होत्या. डाउनटाउनला अंधार पडल्यावर नको, रस्त्यात फोन काढू नका, अंगावर दागिने नकोत.

"तिथं माणसं राहतात ना?" बायकोनं विचारलं.

"साडेसहा लाखांच्या आसपास."

"मग ती संध्याकाळी भाजी आणायला जात असतीलच."

हे उत्तर एक्सेलमध्ये कुठं भरायचं, हे मुलाला कळेना. भीती अगदीच निराधार नाही, हे मलाही मान्य होतं. त्या शहरानं टोळ्यांची आणि बंदुकांची वाईट वर्षं पाहिली आहेत. तेव्हा तडजोड झाली. बॉब मार्ली जिथं वाढला ते ट्रेंच टाउन दिवसाउजेडी, तिथलाच माणूस सोबत घेऊन. आणि रात्रीची टॅक्सी हॉटेलनं बोलावलेली. एक गोष्ट मात्र मी घरातच ठेवली. इंग्रजी बोलणाऱ्या कॅरिबियनमधलं हे सर्वांत मोठं शहर आपल्या कोल्हापूरपेक्षा जेमतेम मोठं भरतं. सांगलीच्या माणसानं हे चारचौघांत बोललेलं कोल्हापुरात पोचायला वेळ लागत नाही.

मग मी इतिहास वाचायला घेतला. निघण्यापूर्वी इतिहास वाचू नये, निदान मोठ्यानं वाचू नये. किंग्स्टन वसलं तेच मुळी दुसरं गाव बुडालं म्हणून. बंदराच्या तोंडाशी वाळूच्या एका लांब पट्टीच्या टोकाला पोर्ट रॉयल होतं. समुद्री चाच्यांचा अड्डा, पैसा आणि रम दोन्ही वाहती. ७ जून १६९२ रोजी, दुपारच्या बाराच्या सुमाराला धरणी हलली आणि अर्ध्याहून अधिक गाव समुद्रात सरकलं. वाचलेले लोक खाडीपलीकडे आले, तेच किंग्स्टन. हेन्री मॉर्गन नावाचा नामांकित लुटारू पुढं जमैकाचा उपराज्यपाल झाला होता, याचं आपल्या वाचकांना फार नवल वाटू नये. तो भूकंपाच्या चार वर्षं आधी बिछान्यात मेला. भूकंपात त्याचं थडगंही समुद्रात गेलं. उलट लुई गाल्डी नावाचा एक व्यापारी. त्याच्या थडग्यावर कोरलंय की पहिल्या धक्क्यात जमिनीनं त्याला गिळलं, दुसऱ्या धक्क्यात समुद्रात थुंकलं, आणि तो पोहत होडीपाशी पोचला. त्यानंतर गृहस्थ चांगला १७३९ पर्यंत जगला. मला विचाराल तर किंग्स्टनला जायला एवढं एक थडगं पुरेसं आहे.

"आणि आपलं विमान कुठं उतरणार?" बायकोनं विचारलं.

"त्याच वाळूच्या पट्टीवर."

"जिच्या टोकाचं गाव बुडालं?"

"त्याच्या अलीकडे."

ती गप्प झाली. भूकंपाचा १९०७ मधला दुसरा हप्ता मी वाचायचा थांबलो. त्यात खुद्द किंग्स्टन कोसळलं आणि पोर्ट रॉयलचं दारूगोळ्याचं कोठार जे कलंडलं ते आजही तिरकं उभं आहे. आत शिरलं की चक्कर येते, आणि लोक तिकीट काढून ती चक्कर घेतात.

"म्हणजे उतरल्या उतरल्याच ते बघून होईल," ती अखेर म्हणाली. "वेगळी टॅक्सी नको."

टॅक्सीचं शास्त्र निराळंच आहे. तिथं रूट टॅक्सी नावाचं वाहन ठरलेल्या मार्गावर धावतं, हात केला की थांबतं, आणि आत जागा नसली तरी जागा होते. लाल नंबरप्लेट असेल तर परवान्याची. मुलानं हा रकाना पिवळा केला होता. बायकोनं तो परस्पर हिरवा करायला लावला. जन्म वडापमध्ये गेलेल्या बाईला हे काय शिकवायचं! गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूनं चालतात, शिवाय गाडीत शिरताना आतल्या सगळ्यांना नमस्कार-चमत्कार करायची तिथं रीत आहे, हे कळल्यावर तर तिनं हॉटेलची टॅक्सीही रात्रीपुरतीच ठेवली.

पैशाच्या बाबतीत मला आयुष्यात पहिल्यांदा श्रीमंत झाल्यासारखं वाटलं. अमेरिकन डॉलरला साधारण १६० जमैकन डॉलर मिळतात. म्हणजे आपल्या एका रुपयाला दीड जमैकन डॉलरहून जास्त! परदेशात रुपया वरचढ असणं हे सुख मी दिवसभर मनात घोळवलं. मग तिथल्या हॉटेलांचे दर पाहिले. ते अमेरिकन डॉलरमध्ये होते.

व्हिसाचा विनोद सरकारी आहे. जमैकाला आपल्या पासपोर्टवर फिरायला जायचं तर व्हिसा लागत नाही. पण तिथं पोचवणारी विमानं बहुतेक अमेरिका, कॅनडा नाहीतर इंग्लंडहून, आणि त्यांचा लागतो. आमच्याकडे पाणीपट्टीपोटी अमेरिकेचा होताच. न्यूयॉर्कहून चार तास.

इथवर योजना माझ्या हातात होती. जेवणाचा विषय निघाला आणि ती गेली. बायको शाकाहारी, माहेर वेंगुर्ल्याकडचं. जमैका म्हणजे कोंबडी, बोकड आणि सुकं मासं, एवढंच मुलानं सांगितलं होतं. तिनं स्वतः फोन हातात घेतला आणि रास्ताफारी लोकांपर्यंत पोचली. त्यांच्यातले पुष्कळ जण मांस शिवत नाहीत, मीठसुद्धा टाळतात. त्यांच्या 'आयटल' खानावळी किंग्स्टनमध्ये आहेत. पुढं तर तिला परसदारच सापडलं. तिथली कलालू म्हणजे माठाचीच भावंडं. नाताळात पितात ते लाल सरबत अंबाडीच्या बोंडांचं. राजम्याचा भात नारळाच्या दुधात. आणि नीरफणस! तो जमैकात १७९३ मध्ये कॅप्टन ब्लायनं आणला. त्याआधी एकदा हाच माणूस नीरफणसाची रोपं घेऊन निघाला असताना 'बाउंटी'वरच्या खलाशांनी बंड केलं, रोपं समुद्रात फेकली आणि त्याला होडीत बसवून सोडून दिलं. तो जगला आणि पुन्हा नीरफणस आणायला गेला. मळ्यांवरच्या गुलामांचं पोट स्वस्तात भरावं म्हणून हा सगळा आटापिटा. त्या लोकांनी आधी ते फळ तोंडात घ्यायलाच नकार दिला, हे मला फार आवडलं.

"तव्यावर कापं करून दिली असती तर खाल्लं असतं," बायको म्हणाली.

आपली माणसंही तिथं जुनी. १० मे १८४५ रोजी पहिलं जहाज ओल्ड हार्बर बेला लागलं. १९१७ पर्यंत छत्तीस हजारांवर मजूर गेले, मुख्यतः उत्तर प्रदेश-बिहारकडचे. त्यांची बोकडाची करी आज तिथल्या लग्नकार्यात लागतेच. गांजाही त्यांच्याबरोबरच गेला असं मानतात. २०१५ पासून तो थोडासा जवळ बाळगणं हा तिथं फौजदारी गुन्हा राहिलेला नाही. मुलानं तो रकाना लाल केला होता. बायकोनं त्यावर लाल रंगाचा आणखी एक हात मारायला सांगितला.

बाकीची स्थळं पटापट ठरली. होप रोडवर ५६ नंबरचं मार्लीचं घर. ज्याचं तोंड गोव्यातल्या प्रत्येक शॅकवर रंगवलेलं असतं, त्याचं घर तरी बघू. डेव्हन हाउस, कारण तिथं आइस्क्रीम आहे. इमॅन्सिपेशन पार्कमधला गुलामी सुटल्याचा पुतळा : भल्याथोरल्या दोन आकृत्या, अंगावर सूतभर कापड नाही. २००३ मध्ये तो बसवल्यावर त्या देवभोळ्या देशात मोठी ओरड झाली होती. त्याच्यासमोर आमचा जोडफोटो निघणार नाही, तो नातेवाइकांच्या ग्रुपवर जाणार नाही, असं ठरलं. ब्ल्यू माउंटनची कॉफी पायथ्याशी प्यायची. शिखर २२५६ मीटर, म्हणजे कळसूबाईहून सहाशे मीटर जास्त, आणि लोक ते मध्यरात्री चढायला लागतात. हे माझ्या गुडघ्यांना मी कळवलंसुद्धा नाही. रात्रीच्या नाचगाण्याचंही तेच. ते बारानंतर सुरू होतं आणि दोनला रंगात येतं. दोनला मी उठतो, पण वेगळ्या कामासाठी.

तारखा फेब्रुवारीच्या धरल्या. हवा कोरडी, वादळाचं भय नाही. मुलगा तिकिटं काढणार, एवढ्यात बायकोच्या वाचनात आलं की जमैकात एक आंबा पिकतो आणि त्याला बॉम्बे म्हणतात. मध्यावर सुरी फिरवून दोन्ही हातांनी पिळला की कोय सुटून येते आणि वाटी उरते. ती चमच्यानं खायची. आणखी एक आंबा आहे, त्याचं नाव 'नंबर इलेव्हन'. १७८२ मध्ये इंग्रजांनी एक फ्रेंच जहाज पकडलं, त्यातल्या रोपांना नंबर होते, त्यातलं अकरावं.

"हे कधी पिकतात?"

"मे ते जुलै," मी वाचून सांगितलं.

"मग जूनमध्ये जायचं."

पडद्यावर मुलानं कपाळाला हात लावला. "आई, एक जूनपासून वादळांचा मोसम लागतो. २०२५ मध्ये मेलिसानं पश्चिम जमैकाची काय दशा केली ते पाहिलंस ना?"

"ती ऑक्टोबरात आली होती. ते मीही वाचलंय."

मुलगा माझ्याकडे बघू लागला. मी अण्णांच्या वहीत बघू लागलो.

"किती आंबे आणता येतील रे तुझ्याकडे?" तिनं विचारलं.

"एकसुद्धा नाही. न्यूयॉर्कला विमानतळावर काढून घेतात."

"मग तिथंच संपवून यावे लागतील," ती म्हणाली. "आठवडा वाढव."